त्रिकोणातला पाहुणा

“बाहेर येऊ नकोस, तिथेच थांब!” हे हॉलमधून ओरडले. मी पोहे परतत होते. अर्थातच बाहेर आले.

ह्यांची पुस्तकातली विलायती जादू चक्क लागू पडली होती. फरशीवर खडूने काढलेल्या रक्षणाच्या वर्तुळात हे पडद्याचा रॉड तलवारीसारखा रोखून उभे होते आणि समोरच्या त्रिकोणात, शिंगं पंख्याला लागतील एवढं उंच पिशाच्च गुरगुरत होतं. बोलावण्याचा मंत्र ह्यांना पाठ होता. परत पाठवण्याचा पुस्तकात बघून म्हणायचा, तर चष्मा राहिलेला टीपॉयवर, वर्तुळाबाहेर!

ह्यांना चष्मा द्यायच्या आधी मी पाहुण्याला गूळपाणी दिलं. “लांबून आलात. घरी कोण कोण असतं?”

त्याचे डोळे भरून आले. “शेकडो वर्षं जो तो नुसती तलवार दाखवतो हो, वहिनी. बसा म्हणून कुणी म्हटलं नाही.” दोन बश्या पोहे खाऊन तो आपणहून गेला.

आता ह्यांनी कितीही मंत्र म्हटले तरी तो फिरकत नाही. मी पोह्यांना फोडणी घातली की मात्र त्रिकोणात मांडी घालून हजर.

हे अजूनही वर्तुळात बसूनच खातात.