वर वळवलेली प्लेट

कॅमेऱ्यात नंबर येऊ नये म्हणून मी रोज सकाळी कोपऱ्यावर थांबून बाइकची मागची प्लेट वर वळवायचो आणि संध्याकाळी घराच्या फाटकाअलीकडे पुन्हा सरळ करायचो. बाबांना असलं काही खपत नाही, आणि बाइक त्यांनीच हौसेने घेऊन दिलेली. काल ती ऑफिसबाहेरून चोरीला गेली.

पोलीस चौकीत बाबा माझ्याआधी हजर. हवालदारांनी सिग्नलवरचं चित्रण लावलं. बाइक आमचीच होती, सीटवरचं ठिगळसुद्धा स्पष्ट दिसत होतं. चोराने हेल्मेट घातलं होतं, तेही माझंच. नंबर तेवढा दिसत नव्हता.

"प्लेट आभाळाकडे बघतेय," हवालदार म्हणाले. "आता पुढच्या कुठल्याच कॅमेऱ्यात गाडी सापडायची नाही. चोर सराईत दिसतोय, प्लेट वळवायला विसरला नाही."

बाबा तडकले. "साहेब, प्लेट वळवणारं हे कार्टं सापडेल तेव्हा सापडेल. आधी त्याच्या बापाला आत टाका. पोराला काय वळण लावलंय बघा."

 

मी बुटांकडे बघत म्हणालो, "जाऊ द्या ना बाबा, त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नसेल."