काहीच न करण्याचा परवाना

"आबा, विचारलं तर काही करत नाही म्हणायचं," मुलाने लिफ्टमध्ये पुन्हा बजावलं. "नुसता बसून असतो, म्हणायचं. बाकी आम्ही बघतो."

आबांनी मान डोलावली. सकाळपासून त्यांनी दोन नातींच्या वेण्या घातल्या होत्या, डबे भरले होते, दोघींना शाळेच्या बसमध्ये बसवलं होतं, कपड्यांचं मशीन लावलं होतं आणि रात्रीची भाजीसुद्धा चिरून ठेवली होती. बसून असतो म्हणायला हरकत नव्हती, पण शेवटचं कधी बसलो ते त्यांना काही केल्या आठवेना.

त्यांच्या निवृत्ती व्हिसाची मुदत संपत आली होती. म्हाताऱ्या परदेशी माणसांनी इथे येऊन सुखाने राहावं, म्हणून इथल्या सरकारने काढलेला हा व्हिसा. अटी दोनच. त्या माणसाने कसलंही काम करायचं नाही, पगारी नाही आणि फुकटही नाही. आणि त्याचा कुणावर भार पडता कामा नये. तीन वर्षांपूर्वी आबांची बायको गेली, तेव्हा मुलगा त्यांना इकडे घेऊन आला. आयुष्यभर राबलात, आता आराम करा, म्हणाला. त्याच आठवड्यात नातींना सांभाळणारी बाई कामावरून कमी झाली, हा आपला योगायोग.

सून मनाने चांगली होती. रोज संध्याकाळी ती आबांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायची. आबा आहेत म्हणून घर चाललंय, म्हणायची. आबा झाडावरून उतरेपर्यंत सिंकमध्ये भांडी जमलेली असत.

आबांचं मागणं एकच होतं. त्यांची थोरली बहीण, अक्का, गावी अंथरुणाला खिळली होती. लहानपणी आई गेल्यावर तिनेच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं होतं. कधी येतोस रे, असं ती फोनवर विचारायची. आबा मुलाला विचारायचे. मुलगा म्हणायचा, नक्की जा, मुलींच्या परीक्षा तेवढ्या होऊ देत. परीक्षा झाल्या की सुट्ट्या लागायच्या, आणि सुट्टीत मुलींना बघणार कोण? मग सुनेला बढती मिळाली आणि जाण्याचा विषयच मागे पडला. हल्ली अक्काने विचारणं सोडलं होतं. आबांना तेच जास्त लागत होतं.

मुलगा आणि सून आबांना घेऊन व्हिसा कचेरीत पोहोचले, तेव्हा काउंटरवर एक तरुण अधिकारी बाई होती. तिने आबांना विचारलं, दिवसभर काय करता? आबांनी तोंड उघडायच्या आत मुलाने उत्तर दिलं. काही नाही, मॅडम. खिडकीत बसतात. आम्ही त्यांना इकडची काडी तिकडे करू देत नाही.

बाईने ते टाइप केलं. मग तिने सहज विचारलं, तुम्ही दोघं नोकरीला, घरात लहान मुली, त्यात यांचंही सगळं बघायचं. म्हणजे यांचा तुमच्यावर भार पडत असेल?

भार हा शब्द ऐकताच मुलगा घाईने पुढे सरकला. दुसरी अट. उचलली जीभ, लावली टाळ्याला. भार कसला, मॅडम, उलट घर तेच चालवतात, तो म्हणाला. मुलींना उठवण्यापासून झोपवण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. स्वयंपाक, इस्त्री, बाजारहाट. सुनेनेही री ओढली. गेल्या महिन्यात तर अंगात ताप असताना त्यांनी तिच्या अख्ख्या ऑफिसला जेवू घातलं होतं. सांगताना तिला खराखुरा अभिमान वाटत होता.

बाईची बोटं थांबली. यांचा पासपोर्ट एरवी कुणाकडे असतो, तिने विचारलं. माझ्याकडे, कपाटात कुलपात, मुलगा म्हणाला. हरवायला नको.

मग बाईने शांतपणे समजावून सांगितलं की याला या देशात घरकाम म्हणतात. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. त्यात ठरलेला पगार असतो, आठवड्याची सुट्टी असते, झोपायला स्वतंत्र खोली असते. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे राहतो. आणि वर्षातून एकदा मायदेशी जाऊन यायचं तिकीट मालकाने काढून द्यायचं असतं. परवाना नसताना कुणाला राबवलं, तर मालकाला दंड.

"मालक काय म्हणताय, मॅडम?" मुलगा लालबुंद झाला. "वडील आहेत ते माझे."

"ते कळलंच मला," बाई म्हणाली. "नोकर असते, तर हे सगळं तुम्ही एवढ्या कौतुकाने सांगितलं नसतंत."

सून रडवेली झाली. बाईलाही तिची दया आली असावी. ती म्हणाली, यांना स्वतःला विचारते. मी निवृत्त आहे आणि घरात आपल्या खुशीने थोडाफार हातभार लावतो, एवढं हे म्हणाले, तर या वेळी समज देऊन व्हिसा वाढवून देईन.

सगळे आबांकडे बघू लागले. मुलाने डोळ्यांनीच विनवलं. आबांना त्याची कीव आली. जीव होता त्यांचा पोरावर, आणि नातींवर तर त्याहून जास्त. त्या वेण्या ते खरोखरच खुशीने घालत होते. हे सगळं त्यांना सांगता आलं असतं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

त्यांनी खुर्ची काउंटरजवळ ओढली आणि घसा साफ केला.

"मॅडम, मला तो दुसरा परवाना द्या," ते म्हणाले. "आणि ते तिकीट नवीन वर्ष भरल्यावर मिळतं, की मागची तीन वर्षं धरतात?"