चिंबोरी खालाची चाल

चेन अर्ध्यात अडकली, ती अडकलीच.

"दात गेलेत हिचे," पाठीमागून स्टुडिओतली मिताली म्हणाली. पक्कड हरली होती. "थांब, कात्री आणते."

तौसीफ थांबला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तो फोमच्या चिंबोरीच्या आत होता. चिंबोरीला दोन नांग्या आणि आठ पाय. त्यातले दोनच पाय खरे, ते त्याचे.

पनवेलच्या नाट्यगृहात अॅनिमेशन पुरस्कारांचा वार्षिक सोहळा रंगात आला होता. चिंबोरी खाला हे पात्र तौसीफचंच. त्यानेच काढलेलं, त्यानेच चालवलेलं. आज तिचा वेश घालणारा माणूस तळोज्याच्या कारखान्यात डबल पाळीला अडकला. तेव्हा स्टुडिओचे मालक गुरुदत्त सर म्हणाले, "पाचच मिनिटं तू घाल. पाहुण्यांचं स्वागत कर आणि काढून टाक." सरांच्या हिशेबाने ती पाच मिनिटं केव्हाच संपली होती.

तिसऱ्या रांगेत त्याची अम्मी, हव्वाबी, बसली होती. कार्टून काढून पोट भरतं, हे तिला मंजूर नव्हतं. भांडून भांडून तह झाला होता. आज पोरगा स्टेजवर दिसला तर ठीक. नाहीतर रविवारच्या विमानाने मस्कत, मामूचं टायरचं दुकान.

पडद्यावर फिल्मचा तुकडा लागला. दूध उतू जातंय. चिंबोरी खाला एक नांगी कमरेवर, दुसरी उजव्या गुडघ्यावर ठेवून, दुधाला शिव्या देत गॅसकडे निघते. सभागृह हसलं. अम्मी हसली नाही.

"सर्वोत्तम चालीचा पुरस्कार," निवेदक म्हणाला, "तौसीफ तुंगेकर."

विंगेतल्या तौसीफने स्टेजवर येऊन नांगी वर केली. लोक हसले. "मीच, मीच," तो ओरडला. फोममधून बाहेर "म्म, म्म" एवढंच गेलं.

"खालासुद्धा खूश झाल्यात," निवेदक म्हणाला. टाळ्या पडल्या.

गुरुदत्त सरांनी पुढे होऊन ट्रॉफी घेतली. "तौसीफ काही कारणाने येऊ शकला नाही."

कारण शेजारीच उभं होतं. मिताली कात्री शोधत कामोठ्यापर्यंत पोहोचली होती.

अम्मी उठली. तोंडावरच्या जाळीतून तौसीफला दिसलं, ती दाराकडे निघालीय. तिथून सरळ ट्रॅव्हल एजंट. तो तिच्यामागे धावला. पण चार महिने एकच चाल काढून ती त्याच्या पायांत बसली होती. एक नांगी कमरेवर, दुसरी उजव्या गुडघ्यावर.

अम्मीने वळून पाहिलं. मग परत फिरली आणि स्टेजकडे आली. एक हात कमरेवर, दुसरा उजव्या गुडघ्यावर. लोकांनी तिला पाहिलं, मग चिंबोरीला पाहिलं.

तिने चिंबोरीच्या पाठीवर टकटक केली.

"माझी नक्कल करणारा घरात एकच आहे. तौसीफ, आत आहेस?"

चिंबोरी पुढे वाकली. मान हलवायची तिची तेवढीच सोय होती.

"दूध उतू चाललं होतं, आणि तू उठायचं सोडून माझ्यावर मोबाइल धरून बसला होतास."

चिंबोरी पुन्हा वाकली.

अम्मीने सरांच्या हातातून ट्रॉफी काढून घेतली. "चालण्याचं बक्षीस आहे ना? मग ते माझं." सभागृह उभं राहिलं.

आतून "म्म, म्म?" असं आलं. ते फक्त तिलाच कळलं.

"मामूला फोन करते," ती म्हणाली. "तौसीफ यायचा नाही म्हणून. त्याला इथेच नोकरी आहे. माझ्यामागे फिरायची."