बेंदराच्या पोळ्या

गोशाळेच्या गोठ्यालगत राहणाऱ्या सुकन्याच्या स्वयंपाकघरात डब्याचं झाकण खणकन पडलं, तरी तिची मान वर झाली नाही. म्हातारी कपिला गाय पोट फुगून तिच्यापुढं पडली होती, आणि "आता हातात काही नाही" म्हणून डॉक्टर निघून गेले होते.

काल बेंदराच्या सणाला सुकन्या दिवसभर गोशाळेच्या फाटकात उभी होती. "मावशी, पुरणपोळ्यांनी गाय मरती हो, चारा घाला की," म्हणत एकेकीला माघारी धाडत होती. "आमचं पुण्य अडवतीस व्हय गं?" असले टोमणे खाल्ले, पण एक पोळी आत जाऊ दिली नाही.

 

रिकामा डबा पोटाशी धरून पाच वर्षांची लेक जवळ आली.

"आई, पहिला घास गाईचा, तूच शिकवलंस की. काल आपल्या घरातल्या सगळ्या पोळ्या मीच घातल्या तिला. मग ती उठंना का गं?"