कलाकुसर

"ही सगळी कलाकुसर आमच्या सायलीच्या हातची हो, विहीणबाई!" नवरीच्या आईने रुखवताच्या टेबलाकडे ऐटीत हात केला.

हेमलताबाई वरमाई, त्यामुळे नावं ठेवणं हा त्यांचा मानच. साखरपुड्यात जिला साडीची पिन धड लावता येईना, तिने म्हणे मोत्यांची तुळस, लोकरीचा बंगला आणि सुपाऱ्यांची अख्खी वरात केली होती!

त्यांनी सुपारीचा भटजी उचलला. त्याची शेंडी चक्क हिरव्या दोऱ्याची होती. हेमलताबाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. गेल्या वर्षी त्यांच्या लेकीच्या लग्नात हेच भाड्याचं रुखवत मांडलं होतं, "सगळं हिनंच केलंय" असं सांगून. तुटलेल्या शेंडीच्या जागी हा दोरा त्यांनीच घाईघाईत चिकटवला होता.

"हा भटजी कुठंतरी पाहिलाय गं," मागून थोरल्या जाऊबाई म्हणाल्या.

"पाहिला असणारच!" हेमलताबाईंनी भटजी झटकन खाली ठेवला. "आमच्या लेकीनंच तर शिकवलं सायलीला."

नवरीची आई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा खुलला.

"हो ना! फार मन लावून शिकवलं हो ताईंनी!"