डबीर सरांचं विमान

रायपूरच्या हँगरमध्ये उभं असलेलं ते जुनं, छोटं विमान पियुषला हवं होतं, आणि स्वस्तात हवं होतं. याच विमानात त्याला उडायला शिकवणारे डबीर सर आता नव्हते. विकणाऱ्या विनोदिनीबाई त्यांच्या पत्नी. ओळख दिली तर घासाघीस करायला जीभ रेटणार नाही, म्हणून त्याने नाव खोटं सांगितलं होतं. दाढीही वाढवली होतीच.

"इंजिन ठीक आहे, मॅडम. पण पंखाची ही मागची फळी फार जड चालते. भाव उतरवावा लागेल."

फळी खरं तर बोटानेही हलत होती.

"तुमी पाहून घ्या, भैया. मले त्यातलं काय समजते," बाई म्हणाल्या.

दाखवण्यापुरती त्याने फळी खाली दाबली. ती अडली. मग तळव्याला उलटे दोन हलके धक्के बसले.

ही फळी कॉकपिटमधल्या दांड्याने हलते. शिकताना हात चुकला की सर रागवत नसत, फक्त दांडा दोनदा हलवत.

त्याने काचेतून आत पाहिलं. कोणी नव्हतं. विमानाच्या बंद दाराची किल्ली बाईंच्या मुठीत होती.

"जुनं झालंय हो," तो खाली बघत पुटपुटला.

पुन्हा दोन धक्के. त्याने हात मागे घेतला. कानशिलं तापली. फळी मात्र आपली आपणच हलत राहिली. दोनदा. थांबून, पुन्हा दोनदा.

बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्या त्याच्याकडेच बघत होत्या.

"तुले शिकवतानी बी असंच करत होते ना रे, पियुष?"