बागेतल्या बाकावरचे ठिपके

संगणकाच्या पडद्यावर आमचं शहर ठिपक्याठिपक्यांनी वाहत होतं. प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस. मोठ्या रस्त्यावर मोटारी बंद केल्या तर कोण कसं जाईल, धूर किती घटेल, हे त्यावरून कळणार होतं. मी मात्र त्यात आईला शोधत होते.

“घराबाहेर न पडणारी माणसं मोजणीत नसतात,” माझे वरिष्ठ घुलेसर म्हणाले.

खरंच होतं. रस्ता ओलांडायच्या धास्तीने आईने समोरची बाग कधीच सोडली होती. मग मीच हट्टाने तिचा ठिपका घातला. वय, दुखरे गुडघे, बागेची ओढ, सगळं भरलं आणि मोटारी बंद केल्या. बराच वेळ ठिपका घरातच होता. पडद्यावरची उन्हं कलली तसा तो हळूच निघाला आणि बागेतल्या बाकापाशी थांबला.

घरी जाऊन म्हटलं, “आई, आज तू बागेत गेलीस.”

ती जराही दचकली नाही. “बाकावर कुमुद होती का गं?”

कुमुदमावशी बागेपलीकडे राहते. तीही हल्ली बाहेर पडत नाही.

दुसऱ्या दिवशी तिचाही ठिपका घातला. दोघी बाकावर भेटल्या. पडद्यावर रात्र झाली, सगळे ठिपके आपापल्या घरी परतले. या दोघी काही उठेनात.